किडनीचा आजार झालेल्या कुत्र्याला खाऊ काय द्यायचा?

बंड्याचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी घरात पहिला प्रश्न औषधांचा नव्हताच. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आता माझ्या चहाबरोबरचं बिस्कीटही बंद?" अकरा वर्षं रोज सकाळी सातला बशीतलं अर्धं बिस्कीट त्याचं आणि अर्धं त्यांचं, असा शिरस्ता होता. डॉक्टरांनी जेवणाचं सगळं नीट सांगितलं होतं: किडनीसाठीचं डाएट, किती ग्रॅम, किती वेळा. बिस्किटाबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलंच नाही.

तुमच्याही कुत्र्याला किडनीचा जुनाट आजार निघाला असेल, जेवण ठरलं असेल आणि मधल्या खाऊचं काय करायचं ते कळत नसेल, तर पुढचं वाचा. कुत्रा एकाएकी आजारी पडला असेल, उलट्या होत असतील किंवा लघवी बंद झाली असेल, तर मात्र वाचत बसू नका, दवाखाना गाठा. पावसाळ्यात लेप्टोसारख्या आजाराने किडनी अचानक बंद पडू शकते. तिथे प्रश्न खाऊचा नसतो.

आधी रिपोर्ट काढून समोर ठेवा

पाच गोष्टी शोधा: क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर काढते तो टाकाऊ पदार्थ), फॉस्फरस, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन (रिपोर्टवर यूपीसी असं लिहिलेलं असतं) आणि रक्तदाब. सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये सगळं नसतं. नसेल ते डॉक्टरांना विचारून करून घ्या, कारण खाऊचा निर्णय यावरच होतो.

क्रिएटिनिनवरून आजाराची पायरी ठरते. डॉक्टर "आयरिस स्टेज" म्हणतात ती हीच. कुत्र्यांमध्ये १.४ ते २.८ (रिपोर्टवर mg/dL) म्हणजे दुसरी स्टेज, २.९ ते ५ म्हणजे तिसरी, ५ च्या वर चौथी. (एसडीएमए नावाची आणखी एक तपासणी असते, ती त्याच्या जोडीने बघतात.) क्रिएटिनिन वर जायला लागतं तोवर किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम गेलेलं असतं. म्हणून "थोडंसंच वाढलंय" हे वाक्य मी आता घरात कुणाला बोलू देत नाही.

फॉस्फरस हा खरा शत्रू

किडनी म्हटलं की लोक पहिल्यांदा प्रोटीन तोडतात. आम्हीही तेच केलं. पंधरा दिवस बंड्याला नुसता भात, दुधी आणि उकडलेला बटाटा. त्याच्या मांड्या हाताला लागेनाशा झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी चांगलंच झापलं. प्रोटीन माफक आणि चांगल्या प्रतीचं हवं, बंद नको. बंद केलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं.

आधी आवरायचा तो फॉस्फरस. निरोगी किडनी जास्तीचा फॉस्फरस लघवीतून काढून टाकते. दुखऱ्या किडनीला ते जमत नाही, मग तो रक्तात साठतो, हाडांतलं कॅल्शियम ओढून काढणारं हार्मोन वाढवतो आणि उरलेल्या किडनीचंही नुकसान करतो. रक्तातल्या फॉस्फरसचं लक्ष्य दुसऱ्या स्टेजला ४.६ च्या खाली, तिसरीला ५ च्या खाली आणि चौथीला ६ च्या खाली असं धरतात. तुमचा आकडा याच्या वर असेल, तर खाऊत एक कणही सैल सोडू नका.

खाण्यातला सगळा फॉस्फरस सारखा नसतो, हे मला उशिरा कळलं. धान्य-कडधान्यांतला फॉस्फरस बराचसा बांधलेला असतो, तो पुरता अंगी लागत नाही. मांस आणि दुधातला जास्त लागतो. आणि कारखान्यात पदार्थ मऊ राहावा, टिकावा म्हणून जे फॉस्फेटचे क्षार घालतात, ते जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात जातात. चीज क्यूबचंच बघा. पंचवीस ग्रॅमचा तो चौकोनी तुकडा म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस आणि वर भरपूर मीठ. आणि नेमका तोच आपण गोळी लपवायला वापरतो.

आता अंडं घ्या. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम उत्तम प्रोटीन असतं आणि फॉस्फरस फक्त ५ मिलिग्रॅमच्या आसपास. पिवळ्यात मात्र ६५ च्या घरात. म्हणजे अंडं एकच, वरचं चालतं आणि आतलं नाही. उकडून पांढरं त्याला, पिवळं तुम्हाला. (कच्चं पांढरं देऊ नका.) यूपीसी वाढलेलं असेल तर पांढरं किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण तेव्हा प्रोटीनचा हिशेबच वेगळा होतो.

डबी

खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, हा सगळ्याच कुत्र्यांचा नियम. किडनीच्या कुत्र्याला तो जास्त लागू, कारण बाकीचे नव्वद टक्के मोजूनमापून बनवलेलं खाणं असतं आणि बाहेरचं जितकं पोटात जाईल तितका त्याचा उपयोग पातळ होतो. बंड्या अठरा किलोचा. त्याला दिवसाला साधारण ७५० कॅलरी हव्यात असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे खाऊसाठी ७५. आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, कारण वय, वजन आणि नसबंदी झाली आहे की नाही यावर तो बराच बदलतो.

पंचाहत्तर कॅलरी डोक्यात ठेवून कुणी चालत नाही. आमच्याकडे पूर्वी वेलची असायची ती झाकणाची स्टीलची छोटी डबी मी रिकामी केली. सकाळी दिवसभराचा खाऊ त्यात भरायचा आणि घरातल्या प्रत्येकाने त्यातूनच द्यायचं. डबी संपली की दिवस संपला. सासूबाईंचा सातचा तुकडा, मुलाचं संध्याकाळचं "शेकहँड", फिरून आल्यावरचं बक्षीस, सगळं त्यात. पहिल्या आठवड्यात डबी सकाळी अकरालाच रिकामी व्हायची! किती देत होतो हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. मग तुकडे लहान केले. बंड्याला तुकड्याच्या आकाराची फारशी फिकीर नसते, किती वेळा मिळालं तेच महत्त्वाचं. वाटाण्याएवढे वीस तुकडे त्याला दोन मोठ्या तुकड्यांपेक्षा केव्हाही जास्त वाटतात.

डबीत काय घालायचं

आमची साधारण रोजची डबी अशी: सफरचंद ५० ग्रॅम, उकडलेली फरसबी ३० ग्रॅम, एका अंड्याचं पांढरं आणि साबुदाण्याच्या चार-पाच गोळ्या. बेरीज सत्तरच्या आसपास कॅलरी आणि सगळं मिळून फॉस्फरस पंचवीस मिलिग्रॅमच्याही आत. मघाच्या चीजच्या एका तुकड्याशी ताडून पाहा.

सफरचंदाच्या बिया आणि मधला कठीण भाग काढायचा. कलिंगड बिया काढून, पपई, पेअर, काकडी ही सगळी फॉस्फरसच्या बाबतीत गरीब फळं आहेत. काकडी तर शंभर ग्रॅमला पंधराच कॅलरी. उन्हाळ्यात फ्रीजमधली गार काकडी कुरकुरत खाताना बंड्या आपण फार काहीतरी भारी खातोय असा चेहरा करतो. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी द्यायला हरकत नाही, साल आणि कोय मात्र हातातून सुटू देऊ नका. कोय आतड्यात अडकली तर थेट ऑपरेशन.

इथे पोटॅशियम बघायचं. ते वाढलेलं असेल तर केळं, रताळं, लाल भोपळा, गाजर आणि नारळपाणी आवरा. बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधं चालू असतील तर ते वाढण्याचा संभव असतो, म्हणून दर तपासणीला तो आकडा विचारायचा. उलट काही कुत्र्यांचं पोटॅशियम कमी असतं, त्यांना केळ्याच्या चकत्या चालतात. म्हणून "आमच्याला केळं चालतं" हा शेजारचा सल्ला घेऊ नका. भाज्यांचं पोटॅशियम कमी करायचं असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि पाणी ओतून द्या.

आता साबुदाणा. याचा मला स्वतःला शोध लागला म्हणून मी थोडी फुशारकी मारते. उपासाच्या दिवशी भिजवलेला साबुदाणा बाजूला काढला होता, तेव्हा लेबल वाचलं: प्रोटीन जवळजवळ शून्य. मग पाहिलं तर फॉस्फरसही नगण्य, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च. किडनीच्या कुत्र्यासाठी कॅलरी आहे आणि ओझं नाही, असा पदार्थ स्वयंपाकघरात सापडणं सोपं नसतं. करायचं असं: चमचाभर साबुदाणा तीन-चार तास भिजवा. मीठ न घालता पाण्यात शिजवा, आतला पांढरा ठिपका दिसेनासा होईपर्यंत. निथळून गार होऊ द्या. गार झाला की चिकट होतो. त्यात किडनीच्या डाएटच्या टिनमधलं पाव चमचा खाणं कालवून बोटांना पाणी लावून वाटाण्याएवढ्या गोळ्या वळा. वासासाठी टिनचंच खाणं घाला. चिकन उकडलेलं पाणी घालायचा मोह आवरा, कारण मांसातला फॉस्फरस आणि पोटॅशियम त्या पाण्यात उतरलेलं असतं. गोळ्या फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. शेंगदाणे घातलेली तुमची खिचडी मात्र त्याला नाही. शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर.

टिनचं खाणं परवडत असेल तर त्याचीच बिस्किटं होतात. घट्ट टिन असेल तर पातळ चकत्या कापून ओटीजीमध्ये १७५ अंशांवर साधारण अर्धा तास भाजा. ओव्हन नसेल तर मंद आचेवर जाड तव्यावर झाकण ठेवून, उलटत. कोरड्या दाण्यांचं डाएट असेल तर मिक्सरला पूड करून पाण्यात मळा आणि तशाच टिकल्या करा. हा सगळ्यात बिनधोक खाऊ, कारण तो त्याच्या जेवणाचाच भाग आहे. फक्त जेवणाच्या मापातून तेवढं कमी करा.

आणि बर्फ. बर्फाचे छोटे खडे. कॅलरी नाही, फॉस्फरस नाही, पाणी पोटात जातं. किडनीच्या कुत्र्याला पाणी कायम समोर हवं, रात्रीही. "रात्री लघवीला उठवतो" म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

कधीच नाही

काही गोष्टी किडनी ठणठणीत असतानाही विष. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे पहिल्या नंबरवर. यांनी कुत्र्याची किडनी अचानक बंद पडू शकते आणि किती खाल्ल्यावर पडेल याचा भरवसा नाही. आपल्या घरांत बेदाणे कुठे-कुठे असतात ते आठवून पाहा: सत्यनारायणाचा शिरा, गणपतीची खिरापत, खीर, पुलाव, फ्रूट केक. गणपतीत घरी येणारा प्रत्येक पाहुणा कुत्र्याच्या तोंडात प्रसाद घालू पाहतो. चिंचेवरही आता तसाच संशय आहे, कारण द्राक्षांतलं जे टार्टारिक ॲसिड दोषी मानलं जातं ते चिंचेत भरपूर असतं. म्हणजे आमटीत कालवलेला भातही गेला.

कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. किडनीच्या आजारात रक्त आधीच कमी असतं, कारण रक्त बनवायला सांगणारं हार्मोन किडनीच तयार करते. त्यावर कांदा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ तर नाहीतच.

बाकीच्यांतल्या बऱ्याच गोष्टी निरोगी कुत्र्याला थोड्या चालल्या असत्या, याला नाही: मटणाची नळी आणि कुठलंही हाड (हाड म्हणजे घट्ट बसवलेलं कॅल्शियम आणि फॉस्फरसच), कलेजी, पनीर, पेढा, दूध-दही, सुकट, सुके बोंबील. कोकणातल्या घरांत सुक्या मासळीचं डोकं कुत्र्याला टाकायची पद्धत असते. त्यातलं मीठ रक्तदाब चढवू शकतं आणि चढलेला रक्तदाब उरलेली किडनी खातो. ओलं खोबरंही नको, त्यात चरबी फार. चुरमुरे चालतील का असं खूप जण विचारतात. बिनमिठाचे मिळाले तर थोडे चालतात, पण बाजारातले बहुतेक खारे असतात. एक दाणा जिभेवर ठेवून बघा.

आणि बिस्कीट? साखर, मीठ, मैदा, फुगवायचे क्षार. एका अर्ध्या बिस्किटाने आभाळ कोसळत नाही, पण अर्धं कधी अर्धं राहत नाही. सासूबाईंच्या बशीत आता सफरचंदाची फोड असते. त्या अजूनही तिला बिस्कीटच म्हणतात.

पाकीट उलटं करून वाचा

मला एका पेट शॉपमध्ये "सीनियर आणि किडनीसाठी खास" म्हणून चिकन जर्की विकली होती. पाकिटाच्या पुढच्या बाजूला हिरवं पान आणि आनंदी कुत्रा. मागे फॉस्फरसचा आकडाच नव्हता. नुसतं वाळवलेलं चिकन म्हणजे प्रोटीन आणि फॉस्फरस दोन्ही दाटून ठेवलेले. जर्कीबद्दल आणखी एक: २००७ पासून अमेरिकेच्या एफडीएकडे, मुख्यतः चीनमधून आलेल्या जर्की खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी येत राहिल्या. त्यातल्या काहींना किडनीतून साखर वाहून जाणारा, फॅन्कोनी सिंड्रोमसारखा विकार झाला होता. नेमकं कारण काही सापडलं नाही. आमच्या घरात जर्की येत नाही.

लेबल इंग्रजीत आणि बारीक असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करा. घटकांत कुठेही "फॉस्फेट" किंवा "फॉस्फोरिक" हा शब्द दिसला तर पाकीट परत फळीवर: सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, डायकॅल्शियम फॉस्फेट वगैरे. दात साफ करणाऱ्या चघळण्याच्या काड्यांत हे बरेचदा सापडतात. "बोन मील" आणि "फिश मील" हेही तसेच. फॉस्फरसचा टक्का लिहिलेला असेल तर अंदाजासाठी एक माप: किडनीच्या तयार डाएटमध्ये, पाणी वगळून, तो साधारण ०.२ ते ०.५ टक्के असतो. कोरड्या खाऊवर १ टक्का दिसला तर तो किती वर आहे ते कळेल. आकडा नसेल तर कंपनीला विचारा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

गोळी कशात लपवायची

दिवसाला चार गोळ्या असतील तर गोळीचं आवरण हाच मोठा खाऊ होऊन बसतो. साबुदाण्याची गोळी इथे फार कामाला येते. चिकट असल्यामुळे गोळी सुटून जमिनीवर पडत नाही. मऊ भाताचा घट्ट लाडू किंवा टिनचं खाणंही चालतं. युक्ती अशी: पहिला गोळा रिकामा, दुसरा गोळीचा, तिसरा लगेच नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावायचा राहून जातो.

फॉस्फेट बाइंडर चालू असेल तर एक लक्षात ठेवा. ते औषध पोटात अन्न असतानाच त्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवतं. दुपारी चारला दिलेल्या खाऊला सकाळच्या बाइंडरचा काही उपयोग नाही. म्हणून थोडाफार फॉस्फरस असलेलं जे काही द्यायचं ते जेवणालाच चिकटवून द्या. मधल्या वेळेला काकडी आणि सफरचंद. काही औषधं बाइंडरबरोबर घेतली की अंगी लागत नाहीत, तेव्हा वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

माणसं

हे सगळ्यात अवघड. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका बंड्याला रोज रात्री ग्लुकोज बिस्कीट द्यायचे, हे मला आजार कळल्यावर तीन आठवड्यांनी समजलं. त्यांना "देऊ नका" म्हटलं असतं तर त्यांनी हो म्हणून लपून दिलं असतं. प्रेम असतं, काय करणार. म्हणून मी त्यांच्याकडे रोज संध्याकाळी फरसबीचे पाच तुकडे कागदात बांधून देते. "काका, हे तुमच्या हातचं." बिस्कीट बंद झालं.

खातच नसेल तर

किडनीच्या कुत्र्याला मळमळ होते. जेवणाकडे तोंड फिरवतो आणि खाऊ मात्र घेतो, असं दिसलं की आपण खाऊ वाढवत जातो. इथे थांबा. तो हट्ट नसतो, बहुतेक वेळा पोट ढवळत असतं आणि त्याला औषध आहे. चोवीस तास जेवला नाही तर डॉक्टरांना फोन. मळमळत असताना नवं डाएट त्याच्यासमोर ठेवू नका, त्या वासाशी मळमळीची गाठ बसते आणि मग बरं वाटल्यावरही तो ते खात नाही. चौथ्या स्टेजला, शेवटी-शेवटी, डॉक्टर स्वतःच म्हणतील की आता जे खाईल ते द्या. तेव्हा हा लेख बाजूला ठेवा.

तपासणीच्या दिवशी

नवा खाऊ एका वेळी एकच सुरू करा आणि तीन-चार दिवस शी बघा. खाऊ बदलल्यावर साधारण महिन्याभराने फॉस्फरस आणि पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या. उपाशीपोटी रक्त हवं असेल तर डॉक्टर तसं सांगतात. मग आदल्या रात्रीपासून डबी रिकामी ठेवायची, पाणी मात्र चालू. मी डबी भरून पर्समध्ये घेऊन जाते. सुई निघाली की झाकण उघडतं, आणि बंड्याला आता त्या झाकणाचा आवाज दवाखान्याच्या दारातूनही ओळखू येतो.